प्रोटीन सर

दुसऱ्याच्या डब्यात डोकावू नये, हे आमच्या पीटीच्या सरांना लहानपणी कुणी सांगितलंच नसावं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले की ते हात मागं बांधून टेबलाभोवती एक चक्कर मारायचे. परीक्षेच्या वर्गात सुपरवायझर फिरतो तसे. एकेका डब्यापाशी थांबायचे, वाकून बघायचे आणि निकाल द्यायचे.

"पोळी अन् बटाटा. मॅडम, हे जेवण नाय, हे पोतं भरणं झालं."

हे माझ्या डब्याबद्दल. सिडकोतल्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागून जेमतेम आठवडा झाला होता. मी जरा घुश्शातच म्हटलं, "सर, मला बटाटा आवडतो."

त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि शेजारच्या सरांना म्हणाले, "आवडतो म्हणे. आवडण्यावर चाललंय ह्यांचं." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागदाच्या पुडीत भिजवलेले हरभरे होते. तिसऱ्या दिवशीही होते. मी ते खाते की नाही हे बघायला ते दारात उभे राहायचे. शेवटी मी खायला लागले.

मुलं त्यांना 'प्रोटीन सर' म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. त्यांना राग येत नसे. उंची बेताची, पण खांदे असे भरलेले की दारातून आत येताना ते जरासे तिरपे होऊन यायचे. दार चांगलं रुंद होतं, तरीही. डिसेंबरात आम्ही सगळे स्वेटर घालून कुडकुडत असताना सर अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात प्रार्थनेला उभे. सकाळी उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी चिकन, संध्याकाळी पनीर नाहीतर सोयाबीन, आणि दोन वेळा डब्यातली प्रोटीनची पावडर. पावडर ते शाळेतच घोळायचे. त्या प्लास्टिकच्या बाटलीची खडखड व्हरांड्यात ऐकू आली की मागच्या बाकावरची मुलं सरळ बसायची.

क्रीडादिनाला त्यांनी एकदा मेडलांऐवजी फुटाण्यांच्या पिशव्या वाटल्या. मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावून झापलं, तर म्हणाले, "सर, मेडल खाता येतं का? लेकरं घरी जाऊन खिळ्याला अडकवतेत. त्याचा अंगाला काय उपेग?" लग्नाच्या पंगतीत वरण वाढणारा आला की त्याचा हात धरायचे. "वरचं पाणी नको बाबा. तळातून काढ." तो बिचारा पातेलं तिरपं करून तळाची घट्ट डाळ काढून द्यायचा, आणि सर ती भाताशिवाय चमच्यानं खायचे.

पण सगळ्यात अवघड व्हायचं ते सांत्वनाला जाताना. आमच्या एका सहकाऱ्याचे वडील वारले, चांगले म्हातारे होऊन वारले. आम्ही सगळे सतरंजीवर गप्प बसलो होतो. सरांनी घसा खाकरला आणि विचारलं, "शेवटी शेवटी काय खायचे?"

सहकारी म्हणाला, "पेज घ्यायचे हो. दुसरं काही जात नव्हतं."

"तेच तर," सर मान हलवत म्हणाले. "तेच तर."

जणू काही गुन्हेगार सापडला. तो सहकारी पुढं बरेच महिने त्यांच्याशी बोलला नाही. सरांना त्यात आपलं काय चुकलं ते खरोखर कळलं नव्हतं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, पुरेसं प्रोटीन खाणारी आणि मरणारी.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दहावीच्या परीक्षेला आमची दोघांची एका वर्गावर ड्युटी होती. पोरं पेपर लिहीत होती आणि आम्ही मागच्या खिडकीशी उभं राहून हळू आवाजात बोलत होतो. सरांचं गाव दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी. वडलांची पेरूची बाग, जेमतेम पोट भरेल एवढी. बारावी झाल्यावर ते छावणीत सैन्याच्या भरतीला गेले. धावण्यात पहिले आले. मग छाती मोजायला उभं केलं.

"टेपवाला म्हणला, फुलाओ. मी फुगवली. म्हणला, और फुलाओ. आवो मॅडम, फुगवून फुगवून डोळ्यात पाणी आलं. पर दोन बोटं कमीच. त्यानं पाठीवर थाप मारली अन् म्हणला, जाओ बेटा, खाओ पिओ."

"मग?"

"मग काय. आलो घरी. तवाच ठरवलं, पुन्हा कुठं मोजायला उभं राहायची वेळ आली तर कमी पडायचं नाय."

एवढं बोलून ते दोन बाकांच्या मधून पुढं गेले आणि एका पोराच्या पेपरवर बोट ठेवून म्हणाले, "नंबर लिही आधी."

त्यांच्या बायकोशी माझी ओळख त्यांच्यापेक्षा वेगळ्या वाटेनं झाली. वहिनी घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. हात सफाईचा, आणि साडी सांगितलेल्या दिवशी तयार. मी माझ्या साड्या त्यांच्याकडंच टाकायला लागले. घरात दोघंच, मूलबाळ नव्हतं. वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि त्या अंड्याला हातसुद्धा लावत नसत. म्हणून सरांचा स्वयंपाक वेगळा. मागच्या गॅलरीत एक शेगडी, दोन पातेली, एक कढई, आणि तिथं सर स्वतः रोज अंडी उकडायचे, चिकन शिजवायचे आणि भांडी घासून तिथंच पालथी घालायचे. वहिनी आत स्वयंपाकघरात आपली भाकरी आणि भाजी करायच्या. जेवायला दोघं एकाच वेळी बसायचे, पण एक आत आणि एक गॅलरीत. मधलं दार उघडं. त्या दारातून बोलणं चालायचं.

"आवो, मीठ राहिलंय का तिकडं?"

"हाय, हाय. तू जेव."

लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं म्हणे, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी वहिनी थकायला लागल्या. साडी वेळेवर मिळेना. एकदा मी गेले तर त्या मशीनवर हात ठेवून नुसत्याच बसल्या होत्या. मशीनच्या पायपट्टीवर ठेवलेली पावलं सुजलेली दिसत होती. मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरला दाखवा."

त्या हसल्या. "घरातच हाय की डॉक्टर. ते म्हणतेत, तुझ्या अंगात प्रोटीन नाय."

आणि सरांनी त्यांचे उपचार सुरू केले होते. सकाळ-संध्याकाळ दुधात दोन-दोन चमचे पावडर. ती शाकाहारी असते हे डब्यावरची हिरवी खूण दाखवून त्यांनी वहिनींना पटवलं होतं. पनीर, सोयाबीन, मोड आलेली कडधान्यं. शाळेत येऊन सांगायचे, "कालपासून जरा तरतरी आलीय तिला." त्या वेळी वहिनींना रोज सकाळी मळमळत होतं. तोंडाला चव नव्हती. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. "एवढं हौसेनं घोळून देतेत," म्हणाल्या, "नाय कसं म्हणायचं?"

एक दिवस त्या बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडल्या. जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. सर तो रिपोर्ट घेऊन थेट शाळेत आले आणि माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, तुम्ही विज्ञानाच्या. वाचून सांगा. लॅबचा माणूस तोंड पाडून देऊन गेला, बोलला काय नाय."

मी वाचला. क्रिएटिनिन सहाच्या वर होतं. निरोगी बाईचं एकाच्या आत असतं. युरिया भलताच वाढलेला. हिमोग्लोबिन खाली. मी तो कागद पुन्हा एकदा वरून खाली वाचला, आपण चुकीच्या रकान्यात तर बघत नाही ना म्हणून.

"सर, किडनीच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. आजच."

"किडनी? तिला कमजोरी हाय मॅडम."

"आजच, सर."

वहिनींनी मला सोबत यायला सांगितलं. म्हणाल्या, "तुम्ही चला. ह्यांना कळंल आसं बोलणारं कुणीतरी पाहिजे." म्हणून मी त्या दिवशी त्या केबिनमध्ये होते. डॉक्टर तरुण होते, शांत. सोनोग्राफी आणि रिपोर्ट बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, काय काय खाता. वहिनींनी सांगितलं. पावडरचं नाव निघालं तसे ते थांबले.

"ही कुणी सुरू केली?"

"मीच घेत होते," वहिनी पटकन म्हणाल्या. "अशक्तपणा वाटायचा म्हणून."

सर खुर्चीच्या कडेला बसले होते. जरा वेळानं म्हणाले, "खोटं बोलायली ती. मी द्यायलो होतो."

डॉक्टरांनी दोघांकडं बघितलं. मग सावकाश समजावून सांगितलं. किडन्या आकसल्या होत्या, म्हणजे आजार बराच जुना होता. बीपी किती वर्षांपासून वाढलेलं असेल ते सांगता येत नाही, कारण ते कधी मोजलंच नव्हतं. पावडरीनं हा आजार झालेला नाही. पण थकलेल्या किडनीवर तिचा भार पडतो, म्हणून ती आजपासून बंद, आणि डाळी, पनीर सगळंच अगदी बेतानं.

"भार पडला म्हणजे किती पडला?" सरांनी विचारलं.

"ते असं मोजता येत नाही."

बाहेर आल्यावर सर पार्किंगमध्ये गाडीची किल्ली हातात धरून नुसतेच उभे राहिले. वहिनींनीच शेवटी म्हटलं, "चला की. ऊन लागायलंय मला."

पुढं काय याच्या दोनच वाटा होत्या, डायलिसिस नाहीतर दुसऱ्या कुणाची किडनी. वहिनींचे आईवडील राहिले नव्हते, भावाला मधुमेह. डॉक्टरांनी नवऱ्याचा रक्तगट विचारला. जुळत होता. आणि कितीतरी आठवड्यांनी मी सरांचा चेहरा उजळलेला बघितला. दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूममध्ये जवळजवळ ओरडतच आले.

"मॅडम, जुळला! अन् किडनी बघा कसली भेटायली तिला. साधी नाय. खाऊन-पिऊन तयार केलेली!" त्यांनी स्वतःच्या कमरेवर थाप मारली. मग खुर्ची ओढून माझ्या समोर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लोक हसायचे. तुम्ही बी हसायच्या. मला बी कधी कधी वाटायचं, कशाला खायलो आपण एवढं, कोणत्या लढाईला जायचंय? आता कळालं मला कशासाठी."

नोकरीला लागताना बोटाला टोचून रक्तगट बघितला होता तेवढाच, एरवी त्यांनी आयुष्यात कधी रक्त तपासलं नव्हतं. शरीर दिसतंय की, रक्त कशाला काढायचं, असं त्यांचं म्हणणं. दात्याच्या तपासण्यांसाठी म्हणून ते पहिल्यांदा बाही वर करून बसले. तिथल्या नर्सला म्हणाले म्हणे, "किती बी घ्या."

रिपोर्टमध्ये त्यांचं स्वतःचं क्रिएटिनिन जवळपास दोन होतं.

त्यांनी तो मला आणून दिला तेव्हा तोंडावर अजून हसूच होतं. वहिनींचा सहाचा आकडा त्यांनी बघितलेला, त्यामुळं दोन म्हणजे उत्तम असं त्यांनी धरलं होतं. मी काय बोलावं याचा विचार करत राहिले आणि ते हसू त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरताना मी बघितलं.

"जास्त हाय का?"

"थोडं जास्त आहे, सर. डॉक्टर काय म्हणतात बघू."

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. ज्याच्या अंगात स्नायू जास्त त्याचा हा आकडा थोडा वरच असतो. मांस भरपूर खाल्लं तरी वाढतो. काही पावडरींमध्ये क्रिएटिन नावाचं द्रव्य असतं, त्यानंही वाढतो. म्हणजे किडनी ठीक असूनही रिपोर्ट वाईट दिसू शकतो. "हे सगळं बंद करा. व्यायामही हलका करा. दोनेक महिन्यांनी पुन्हा तपासू, आणि तेव्हा आणखी एक तपासणी करू, जिच्यावर खाण्याचा आणि स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. मग खरं काय ते कळेल."

"सगळं म्हणजे अंडी बी?"

"अंडी, चिकन, पावडर. साधं घरचं जेवण घ्या."

मग डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "गोळ्या काही चालू आहेत?"

"नाय. म्हणजे गुडघ्याची एक. धावणं-उड्या चालतेत ना, दुखतो. ती घेतो रोज."

"किती वर्षं?"

सरांनी वर छताकडं बघितलं. "लई झाली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बीपी मोजलं. पुन्हा मोजलं. बोलले एवढंच, "ती गोळी आजपासून घ्यायची नाही."

शहागंजात सरांचा ठरलेला अंडेवाला चाचा होता. माझा भाऊही त्याच्याकडूनच अंडी घ्यायचा. त्या दिवसांत एकदा मी भावासोबत गेले तर चाचा म्हणाला, "तुमारे स्कूल के वो मास्टरसाब कां है जी? बीमार-बिमार तो नै पडे? इत्ते दिन कब्बी नागा नै करे."

मी म्हटलं, त्यांनी अंडी सोडलीत. चाचानं ट्रे खाली ठेवला आणि माझी चेष्टा तर चालली नाही ना, असं माझ्याकडं बघत राहिला.

सोडली म्हणजे सोडलीच. गॅलरीतली शेगडी त्यांनी पुसून माळ्यावर टाकली. वहिनींचं पथ्य अवघड होतं. भाजी चिरून पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं, मग ती पिळपिळीत भाजी मीठ जवळजवळ न घालता फोडणीला टाकायची. डाळ नावाला. सरांनी जाहीर केलं की तेच तेही खाणार. एका रविवारी मी गेले तेव्हा दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर समोरासमोर बसून एकाच पातेल्यातली दुधी भोपळ्याची भाजी खात होते.

वहिनी मला म्हणाल्या, "बघा, इतक्या वर्षांनी माझ्या पंगतीला आलेत."

"चव नाय काय नाय," सर म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतली.

ते दोन महिने मी त्यांना रोज बघत होते. आधी मान बारीक झाली. मग दंड. टी-शर्टच्या बाह्या, ज्या आधी कापल्यासारख्या रुतायच्या, त्या फडफडायला लागल्या. मुलं आधी कुजबुजली, मग गप्प झाली. ग्राउंडवर शिट्टी वाजवून ते बाकावर बसून राहायचे. त्यांना स्वतःला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. उलट बारीक होतोय म्हणजे आकडा उतरत असणार, असा त्यांचा हिशोब होता. दंडाला चिमटा घेऊन मला दाखवायचे. "उतरायलाय, मॅडम. सगळं खोटं उतरू द्या. खरं ते राहील."

दुसऱ्यांदा रिपोर्ट आला. आकडा उतरला होता, पण थोडाच. दीडच्या खाली आला नाही. आणि ती नवी तपासणी, खाण्याशी जिचा फारसा संबंध नाही ती, तिनंही तेच सांगितलं. लघवीतून प्रोटीन जात होतं. सरांची किडनी हवं त्याच्या निम्म्याच्या आसपासच काम करत होती.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही देऊ शकत नाही. दिलीत तर तुम्हालाच डायलिसिस लागेल."

"लागू द्या."

"असं नाही करता येत. कोणताही डॉक्टर करणार नाही."

"तिला अर्धी का होईना चालंल की. काहीच नसल्यापेक्षा?"

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. शेजारी बसलेल्या वहिनींनी सरांच्या हातावर हात ठेवला. मग सरांनी विचारलं, "मी खाल्लं म्हणून झालं का हे?"

"सांगता येत नाही. बीपी आहे. दुखण्याच्या गोळ्या आहेत, त्या किडनीला जास्त नडल्या असतील. खाण्यानं असलेला आजार वाढवला असेल किंवा नसेल. निरोगी माणसाची किडनी खाण्यानं अशी जात नाही शक्यतो."

"म्हणजे व्हय का नाय?"

"खरंच सांगता येत नाही."

मला वाटतं, त्यांना 'व्हय' ऐकायचं होतं. एखाद्यानं तोंडावर सांगितलं असतं, की होय, तुझ्याच हौसेनं झालं हे, तर त्यांना कुठंतरी टेकता आलं असतं. तेही मिळालं नाही. जिना उतरताना वहिनी पुढं गेल्या होत्या. सर कठड्याला धरून मध्येच थांबले आणि मला म्हणाले, "पुन्हा कमी पडलो मॅडम. आता तर फुगवायची बी सोय नाय."

वहिनींचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. सर त्यांना स्कूटरवर घेऊन जायचे आणि तिथल्या व्हरांड्यात चार तास बसून राहायचे. मृत दात्याची किडनी मिळावी म्हणून प्रतीक्षायादीत नाव घातलं होतं. आणि त्यात आणखी एक गोष्ट झाली. डायलिसिस लागल्यावर पथ्य फिरलं. त्या मशीनमधून अंगातलं प्रोटीन वाहून जातं, म्हणून आता भरपूर प्रोटीन खा, असं तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. सगळ्यात चांगलं म्हणजे अंड्याचा पांढरा भाग. रोज.

वहिनी म्हणाल्या, "मी नाय खायची." सरांनी पनीर दिलं, पण त्याच्या एवढ्याशा तुकड्यानंच त्यांचं पोट भरायचं. दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या. बांगड्या कोपरापर्यंत वर जायच्या. सर समोर बसून बघत राहायचे. एका दुपारी मी तिथं असताना वहिनींनी गळ्यातली माळ काढली, देवापुढं ठेवली, हात जोडले आणि म्हणाल्या, "आणा एक. तुम्ही आसं बघू नका माझ्याकडं."

सरांनी माळ्यावरची शेगडी काढली. धुतली. अंडं उकडलं, सोललं, मधोमध कापून पिवळा बलक काढून बाजूला ठेवला आणि पांढऱ्याचे अगदी बारीक तुकडे केले. वर मिऱ्याची चिमूट. वहिनींनी नाक न मुरडता, डोळे मिटून, एकेक तुकडा पाण्यासोबत गिळला. सर त्यांच्या गळ्याकडं बघत होते. सगळं खाली गेल्यावर म्हणाले, "लई छान. लई छान केलंस." लहान लेकराला म्हणावं तसं. मग ताटली घेऊन गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

पुढं त्या रोज खायच्या. पण अंगाला लागण्याची वेळ बहुतेक निघून गेली होती. यादीतला नंबर आला नाही. मागच्या हिवाळ्यात हातावर डायलिसिसची सुई टोचायच्या जागी जंतुसंसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. दवाखान्यात नेलं. दोन दिवसांत त्या गेल्या.

सांत्वनाला आम्ही सगळे शिक्षक गेलो होतो. सर भिंतीला टेकून बसले होते. कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. मशीनवर कुणाची तरी हिरवी साडी अर्धा फॉल लावून तशीच ठेवलेली होती. निघताना ते फक्त मला म्हणाले, "ती साडी कुणाची हाय ते बघा जरा. देऊन टाकायला पाहिजे." ती माझीच होती. मी तसं सांगितलं, तर त्यांनी ती नीट घडी करून, पिशवीत घालून दिली. अर्धा फॉल मी तसाच ठेवला आहे.

वर्षभरातच त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. नवीन पीटीचे सर आले, ते मोबाइलवर असतात. स्टाफरूममध्ये आता कुणी कुणाच्या डब्यात बघत नाही.

परवा मी थायरॉइडच्या तपासणीसाठी क्रांती चौकातल्या एका लॅबमध्ये गेले होते. सकाळची वेळ, बाकावर गर्दी. शेजारी एक वाळलेले गृहस्थ बसले होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर स्वेटर. त्यांनी "मॅडम" म्हटलं तेव्हा कुठं मी ओळखलं.

दर तीन महिन्यांनी ते क्रिएटिनिन तपासून घेतात. खाणं डॉक्टरांनी लिहून दिलेलं, बेताचं. बीपीची गोळी वेळच्या वेळी. सगळं स्वतः करतात. कालच्या तपासणीचा रिपोर्ट घ्यायला आले होते, तो त्यांच्या हातातच होता. मी न विचारताच त्यांनी तो माझ्यापुढं धरला. मी आकडा बघितला. तोच होता, दीडच्या आसपास.

"चांगलं आहे की, सर. वाढलेलं नाही."

"व्हय. डॉक्टर बी तेच म्हणतेत. आसंच राहिलं तर लई वर्षं काढाल म्हणतेत." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि त्याच्याकडं बघत म्हणाले, "तिला द्यायला पुरली नाय मॅडम. अन् मला एकट्याला पुरून उरायलीय."

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. मी रक्त देऊन बाहेर आले तेव्हा ते निघून गेले होते, आणि त्यांच्या जागेवर दुसरंच कुणीतरी बाही वर करून बसलं होतं.